सायकल, घाट आणि मुक्काम

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कॉलेजला निघालेला विद्यार्थी सायकलवर, कारखान्याची पाळी गाठणारा कामगार सायकलवर, दूधवाला सायकलवर, आणि मंडईतून भाजीची पिशवी हँडलला अडकवून घरी परतणारे मास्तरही सायकलवरच. पेठापेठांतून तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने असत. दिवा नसला किंवा दोस्ताला डबलसीट घेतला, की चौकातला पोलीस हात आडवा करी. ते दिवस आता गेले. रस्ते मोटारसायकलींनी आणि मोटारींनी भरून गेले, आणि जुन्या घडणीच्या सायकली पाहावयाच्या तर कर्वेनगर भागातल्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल-संग्रहालयाची वाट धरावी लागते. पण मध्यंतरी एक निराळी गोष्ट सुरू झाली आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे पुण्यातून सायकलस्वारांचे जथे बाहेर पडतात. कोणी सिंहगडाकडे जातो, कोणी मुळशीकडे, कोणी कात्रजकडे. त्यांतले बहुतेक दुपारी घरी जेवायला असतात. काही मात्र परत येत नाहीत. ते पाच-सात दिवस मित्रांच्या सोबतीने घाटाघाटांतून हिंडतात आणि रात्री वाटेवरच्या एखाद्या गावात मुक्काम करतात. अशा सहलीविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आता तुम्ही म्हणाल, ही शहरातल्या हौशी लोकांची करमणूक. तिच्याशी आम्हा गावकऱ्यांचा आणि शाळामास्तरांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. हे लोक रात्री उतरतात ते तुमच्याच गावात. तुमच्या देवळाच्या सभामंडपात, तुमच्या शाळेच्या ओसरीवर, तुमच्या पडवीत. वास्तविक पाहता अशी सहल पार पडते की फसते, हे रस्त्यावर जितके ठरते त्याहून अधिक मुक्कामावर ठरते. सायकल दुकानात मिळते, नकाशा हातातल्या फोनवर मिळतो. पण संध्याकाळी साडेपाच वाजता, पाय भरून आलेले असताना, डोक्यावर छप्पर आणि पोटाला गरम भाकरी मिळणे हे सर्वस्वी गावाच्या हातात असते.

परदेशांत हा मुक्कामाचा प्रश्न लोकांनी पद्धतशीर सोडविला आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात टेल्युराइड नावाचे डोंगरातले गाव आहे. तेथून शेजारच्या युटा राज्यातल्या मोॲब गावापर्यंत सुमारे २१५ मैलांची सायकलवाट आखलेली आहे. वाटेत वस्ती जवळजवळ नाही. म्हणून एकेका दिवसाच्या अंतरावर लाकडी झोपड्या बांधल्या आहेत. एका झोपडीत आठ माणसांची निजण्याची सोय असते. शिधा, पाणी, शेगडी आणि अंथरूण आधीच आणून ठेवलेले असते. सात दिवस आणि सहा रात्री असा हा प्रवास. स्वाराला तंबू नको, चूल नको, धान्याचे ओझे नको. युरोपातल्या आल्प्स पर्वतात ही कल्पना याहून पुष्कळ जुनी आहे. स्विस गिर्यारोहकांची संस्था १८६३ साली निघाली आणि त्याच वर्षी तिने टोडी पर्वतावर आपली पहिली झोपडी उभारली.

पण शिक्षकमित्रांना मी मुद्दाम सांगेन ती गोष्ट जर्मनीतल्या एका शाळामास्तरांची. रिचर्ड शिरमान हे त्यांचे नाव. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत मोठे वादळ झाले. एका खेड्यातल्या शाळेच्या खोलीत त्यांना आसरा मिळाला आणि शेतकऱ्याने अंथरायला पेंढा दिला. मुले झोपी गेली; बाहेर विजा कडाडत होत्या. जागे राहिलेल्या मास्तरांच्या मनात विचार आला, की सुट्टीत प्रत्येक गावची शाळा रिकामीच पडलेली असते. मग एकेका दिवसाच्या चालीवर एकेक शाळा अशी सहलीच्या मुलांसाठी उघडली तर? त्या विचारातून १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात तरुणांसाठी पहिले कायमचे वसतिस्थान निघाले, आणि पुढे ही चळवळ जगभर पसरली. यूथ होस्टेल म्हणून जे आपण ऐकतो, त्याचा उगम असा एका खेड्याच्या शाळेत, पेंढ्याच्या अंथरुणावर आहे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ही रीत परक्यांकडून शिकण्याची गरजच नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात कातळात कोरलेली लेणी आहे. तिच्या भिंतींवर सातवाहनांचा शिलालेख आहे, वाटेवर दगडी रांजण आहे. कोकणातल्या बंदरांतून माल घेऊन दोन हजार वर्षांपूर्वीचे तांडे या घाटाने वर चढत. धर्मशाळा, सराई, देवळाची ओवरी ही सगळी त्याच परंपरेतली. फार काय, आषाढीची वारी घ्या. आळंदीहून निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद असे मुक्काम करीत पंढरपूरला पोहोचते. कोणत्या दिवशी कोठे उतरावयाचे, कोणत्या दिंडीने कोणाच्या वाड्यात, कोणत्या शाळेत राहावयाचे, हे वर्षानुवर्षे ठरून गेलेले असते. लाखो माणसांचा मुक्काम सांभाळणाऱ्या मुलुखाला सहा सायकलस्वारांचा मुक्काम जड जाण्याचे कारण नाही. फक्त दोन्ही बाजूंनी थोडी समज हवी.

उदाहरणादाखल एक फेरी घेऊ. पुण्यापासून निघून पुण्यालाच परत यावयाचे, सात दिवसांत साधारण सव्वातीनशे किलोमीटर. पहिल्या दिवशी कात्रजचा जुना घाट ओलांडून कापूरहोळवरून भोर गाठावे. भोर हे १९४८ पर्यंत संस्थानचे गाव. राजवाडा अजून उभा आहे. तेथून नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने हिरडस मावळात शिरावे आणि हिर्डोशीच्या आसपास मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी वरंध घाट. सह्याद्रीचा कडा येथे एकदम तुटतो आणि रस्ता वळसे घेत कोकणात उतरतो. पायथ्याशी शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध येथे सिद्ध केला असे मानतात, आणि भाविकांची येथे राहण्याची व्यवस्था होते. तिसऱ्या दिवशी बिरवाडी, महाड करीत पोलादपूर. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ गाव याच तालुक्यातले. सवड असेल तर वाट वाकडी करून तेथील समाधीचे दर्शन घ्यावे. चौथा दिवस सर्वांत कठीण. आंबेनळी घाट चढून, प्रतापगडचा फाटा डावी-उजवीकडे न्याहाळीत, महाबळेश्वर. पाचव्या दिवशी पाचगणीवरून पसरणीच्या घाटाने वाईला उतरावे. सहाव्या दिवशी मांढरदेवीचा घाट चढून पुन्हा भोर, म्हणजे हमरस्त्याची गर्दी टळते. सातव्या दिवशी घर. पाहा, कोलोरॅडोप्रमाणे येथेही सात दिवस आणि सहा रात्रीच झाल्या. फक्त झोपड्यांच्या जागी आपली गावे आहेत.

या वाटेवर निघण्यापूर्वी घाटाचा हिशेब समजला पाहिजे. सपाटीचा माणूस अंतर किलोमीटरमध्ये मोजतो. डोंगरात तेवढ्याने भागत नाही. उंची मोजावी लागते. स्वार, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो वजन धरा. शंभर मीटर उंच चढणे म्हणजे नव्वद किलोचा बोजा शंभर मीटर वर उचलणे. सरावाच्या माणसाला तासन्‌तास टिकवता येईल अशी शक्ती शंभर वॅटच्या आसपास असते. जुन्या पिवळ्या उजेडाच्या मोठ्या बल्बला लागे तेवढीच. त्या शक्तीने हा बोजा शंभर मीटर चढवायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. तेव्हा सोपा नियम असा बांधता येतो: अंतरासाठी ताशी १५ किलोमीटर धरावे, आणि चढाच्या दर १०० मीटर उंचीला पाव तास वेगळा मिळवावा.

आता हा नियम आंबेनळी घाटाला लावू. पोलादपूर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही आत आहे, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. म्हणजे चढ साधारण १,२५० मीटर. अंतर सुमारे ४० किलोमीटर. अंतराचे पावणेतीन तास, उंचीचे तीन तास, झाले पावणेसहा. त्यात चहापाणी, जेवण, पंक्चर आणि दम खाण्याचे दोन तास मिळवा. सकाळी सातला निघालेला गट दुपारी तीनच्या सुमारास वर पोहोचेल. आणि हाच गट "चाळीसच किलोमीटर तर आहेत" असे म्हणून अकराला निघाला, तर घाटातच अंधार गाठील. थंडीच्या दिवसांत सहाला सूर्य मावळतो हे ध्यानात ठेवावे. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर घालावे. नळ आणि हौदाच्या हिशेबापेक्षा मुले यात अधिक रमतील.

येथे गिअरचे मर्म सांगितले पाहिजे. आपली नेहमीची काळी सायकल घ्या. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील, तर पायडलाचा एक फेरा मारला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीला हे ठीक. चढाला मात्र एका फेऱ्यात साडेपाच मीटरचा चढ उचलावा लागतो आणि गुडघे बोलू लागतात. डोंगरी सायकलीला चढासाठी पुढे २२ आणि मागे ३४ दात्यांची जोडी लावता येते. मग एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.३ मीटर सरकते. जोर चौथाईवर आला, फेरे चौपट झाले. काम एका तसूनेही कमी झाले नाही. त्याची वाटणी झाली. क्विंटलभराचे पोते माळ्यावर एकदम चढवायचे, की पायली-पायलीने नेऊन टाकायचे? धान्य तेवढेच, पण दुसऱ्या रीतीने म्हातारे माणूसही ते काम करू शकते. गिअर म्हणजे ही पायली. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर लावावा. चढावर अडकल्यावर जोर लावीत बदलू गेले तर साखळी उतरते, प्रसंगी तुटते.

"मग आमच्या साध्या सायकलीने घाट चढवणार नाही काय?" असे कोणी विचारील. चढवेल, पण पुष्कळ ठिकाणी उतरून हातात धरावी लागेल, आणि त्यात लाज मानण्याचे कारण नाही. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. आजच्या डोंगरी सायकली तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही विसाव्या वर्षी, २०१८ साली, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. साधन चांगले असावे हे खरे. पण निश्चय आणि आखणी यांची जागा साधन घेत नाही.

चढापेक्षा उतार धोक्याचा. चढावर माणूस दमतो, उतारावर पडतो. पाचगणीहून वाईला उतरताना उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास कमी होते. नव्वद किलोचे वजन तेवढे खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिने दीड लिटर थंड पाणी उकळून निघेल. तिच्यातला काही भाग वारा खातो. उरलेली सगळी ब्रेकच्या रबरांत आणि रिममध्ये उष्णता होऊन बसते. डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगराच्या आसपास, १९७० नंतरच्या दशकात झाला. तेथली तरुण मुले जुन्या जड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावीत. सायकलीचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतारातच तो इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन निघून जाई आणि ते दर खेपेला नव्याने भरावे लागे. त्या उताराला नावच पडले "पुन्हा ग्रीस भरण्याचा उतार"! तेव्हा उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नये. थोडा दाबावा, वेग आवरला की सोडावा, पुन्हा दाबावा. पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक मिळून वापरावे. वळणाच्या आत शिरण्याआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. मधूनमधून थांबून रिमला हात लावून पाहावा, आणि चटका बसला तर दहा मिनिटे बसून दरी पाहावी. निघण्यापूर्वी नवी रबरे घालावीत. ती अंगावरच्या कपड्यांपेक्षा महत्त्वाची आहेत.

सामानाचेही तसेच. प्रत्येक किलो घाटात उचलावयाचा आहे. मुक्काम ठरलेला असला की तंबू, भांडी, शिधा मागे राहतो. हा मुक्कामाचा पहिला फायदा. दोन कपड्यांचे जोड, एक पातळ चादर, थंडीसाठी स्वेटर, विजेरी, औषधांची पुडी, आणि प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी एवढे पुरते. ओझे पाठीवर घेऊ नये. कॅरिअरला दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. दुरुस्तीचे साहित्य गटात एकच पण पुरे असावे: पंप, दोन जादा ट्यूब, ठिगळे आणि सोल्युशन, टायर काढण्याच्या पट्ट्या, पाने, साखळी जोडण्याचे हत्यार, ब्रेकची केबल. गावच्या दुकानात नेहमीच्या मापाची ट्यूब मिळते, पण नव्या सायकलींच्या चाकांची मापे निराळी असतात. ती ट्यूब भोरच्या पुढे मिळेल या भरवशावर राहू नये. आणि पंक्चर काढता येणारा निदान एक तरी सोबती हवा. तो सर्वांत मागे राहावा, म्हणजे वाटेत कोणी अडले तर तो मागून येऊन पोहोचतोच. पुढे मात्र सर्वांत मंद चालीच्या माणसाला ठेवावे. ताकदीचा माणूस पुढे सुटला की गट फाटतो. चार ते सहा जणांचा गट उत्तम. त्याहून मोठा झाला तर रस्त्यावर रांग लांबते आणि मुक्कामाच्या घरावर भार पडतो.

ऋतू कोणता? दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा. पावसाळ्यात सह्याद्री सुंदर दिसतो, हे मान्य. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. वरंध घाट पावसाळ्यात प्रशासन बंद ठेवते, आणि दुरुस्तीसाठीही तो अधूनमधून बंद असतो. निघण्यापूर्वी चौकशी करावी, आणि बंद घाटात आडवाटेने शिरू नये. तेथे अडकलेल्या पाहुण्याला शोधायला दोर घेऊन जातात ती त्याच गावची पोरे, हे विसरू नये.

आता मुख्य गोष्ट, मुक्कामाची. मी भूगोलाचा अध्यापक आहे, म्हणून आधी पाण्याविषयी सांगतो. जेथे एवढा पाऊस पडतो त्याच घाटमाथ्यावर फेब्रुवारीनंतर पाण्याचे हाल सुरू होतात. कारण काय? सह्याद्री काळ्या कातळाचा आहे. हा कातळ पाणी फारसे पोटात धरत नाही, उतार उभे आहेत, आणि आषाढात पडलेले पाणी पाहता पाहता खाली कोकणात किंवा धरणांत निघून जाते. गावाला उरतो एखादा झरा, तोही खाली दरीत. हिरडस मावळातल्या एका वाडीत आम्ही उतरलो होतो. पहाटे झऱ्यावर गेलो तर घरची आजी वाटीने पाणी गोळा करून हंडा भरीत बसलेली. "आजी, किती वेळ लागतो?" म्हणून विचारले. म्हणाली, "दोन हंड्याला सकाळ जाते, दादा. पर तुमी तोंड धुवा की, पाव्हनं हायेत." आतिथ्य असे असते, ते मोजून घेण्याची जबाबदारी पाहुण्याची. अंघोळ खाली नदीवर करावी, कपडे पुढच्या मोठ्या गावी धुवावेत, आणि आपल्या बाटल्या शक्य तर तालुक्याच्या गावातून भरून आणाव्यात.

दुसरी गोष्ट, आगाऊ खबर. अंधार पडल्यावर सहा माणसांनी दारात उभे राहून जेवण मागणे बरे नव्हे. ज्या घरात रात्रीच्या भाकऱ्या थापून झाल्या आहेत तेथे पुन्हा चूल पेटते, आणि ती पेटवणारी बाई दिवसभर शेतात राबून आलेली असते. चार दिवस आधी सरपंचांना, मुख्याध्यापकांना किंवा ओळखीच्या घरी फोन करावा. किती जण, किती वाजता, जेवण हवे की नको, बायकामाणसे बरोबर आहेत का, हे स्पष्ट सांगावे. बेत बदलला तर तेही कळवावे. शिजवलेले अन्न वाट पाहत राहणे गावाला फार लागते.

तिसरी गोष्ट पैशाची. येथे दोन्ही बाजूंना संकोच असतो. पाहुण्याला वाटते, पैसे देऊ केले तर यांना अपमान वाटेल. गावकऱ्याला वाटते, मागितले तर लोक काय म्हणतील. मी गावकऱ्यांना स्पष्ट सांगेन: दर ठरवा आणि तो आधी सांगा. जेवणाचे इतके, राहण्याचे इतके. पिठले, नाचणीची भाकरी, चुलीवरचे वरण आणि झोपायला सारवलेली पडवी याला मोल आहे, आणि शहरातला माणूस ते आनंदाने देतो. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ज्या शेतकऱ्याला हे काम नेमाने करावयाचे असेल त्याने त्याखाली नोंदणीची चौकशी करावी. मात्र मिळालेला पैसा जिने भाकरी थापली तिच्या हाती पडावा. गावात महिलांचा बचत गट असेल तर जेवणाचे काम त्याच्याकडे सोपवणे सर्वांत सरळ. मावळातली तरणी पोरे पुण्या-मुंबईला पोटासाठी निघून गेली आहेत, घरे म्हाताऱ्यांवर आली आहेत. थंडीच्या तीन-चार महिन्यांत चार पैसे गावातच मिळाले, तर निदान एखाद्या मुलाला तरी परत यावेसे वाटेल.

चौथी गोष्ट शाळेची, आणि येथे मी शिक्षकांशी बोलतो आहे. दिवाळीच्या सुट्टीत किंवा शनिवार-रविवारी शाळेची एक खोली पाहुण्यांना द्यावयाची का, हा निर्णय एकट्याने घेऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवा, ग्रामपंचायतीला कळवा, पाहुण्यांची नावे आणि ओळखपत्रांची नोंद वहीत करून ठेवा. नियम थोडे पण ठाम असावेत: दारू नाही, आरडाओरडा नाही, फळ्यावर व भिंतीवर काही लिहावयाचे नाही, सकाळी खोली झाडून आणि कचरा बरोबर घेऊन जावयाचे. बदल्यात पैसे नकोत असे वाटले तर एक तास मागा. पाहुण्यांमध्ये कोणी डॉक्टर असतो, कोणी इंजिनिअर, कोणी बँकेत असतो. त्याने सकाळी मुलांपुढे बसून आपल्या कामाविषयी बोलावे, सायकल उघडून गिअर दाखवावा, पंक्चर काढायला शिकवावे. डोंगरातल्या मुलाला असा तास सहसा मिळत नाही.

आणि मुले नुसती बघेच का असावीत? मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या अनेक तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या आहेत. त्याच सायकलींवर आठवी-नववीच्या वर्गाची एका मुक्कामाची सहल निघू शकते. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या शेजारच्या शाळेत जावयाचे, रात्री तेथे राहावयाचे, दुसऱ्या दिवशी परतावयाचे. पालकांची लेखी संमती, मुलींबरोबर शिक्षिका, डोक्याला हेल्मेट, आणि पुढे-मागे एकेक मोठे माणूस, एवढे केले म्हणजे झाले. वाटेतल्या नदीचे नाव, गावची उंची, कोणत्या पिकानंतर कोणते पीक दिसले, याची नोंद मुलांनी करावी. पुढच्या महिन्यात त्या शाळेच्या मुलांना आपल्याकडे बोलवावे. शिरमान मास्तरांनी दुसरे काय केले?

एवंच, डोंगरातल्या सायकल-सहलीचे सूत्र विश्वासाचे आहे. एका गटाने शाळेची खोली घाण करून सोडली, पैसे बुडवले, रात्री धिंगाणा घातला, की त्या गावचे दार पुढच्या दहा गटांना बंद होते. एका गटाने नीट वागून, ठरलेले देऊन, पाणी जपून निरोप घेतला, की पुढच्या मोसमात आजी स्वतःच विचारते, "औंदा सायकलवाले कधी येनार?" कोलोरॅडोत झोपडीला कुलूप असते आणि ते उघडण्याची युक्ती पैसे भरणाऱ्याला कळते. आपल्या घाटांतल्या दारांना तसली कुलपे नाहीत. ती उघडी राहणे हे जाणाऱ्याच्या वागण्यावर आणि राहणाऱ्याच्या मोकळेपणावर अवलंबून आहे. येत्या थंडीत तुमच्या गावच्या वळणावर सायकलींची घंटी वाजली, तर मंडळींना थांबवा, कोठून आलात म्हणून विचारा, आणि पुढच्या घाटाला किती वेळ लागेल त्याचा हिशेब आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीकडून त्यांना सांगा. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.